तळाला गेलेली बाटली

आबासाहेब घोरपड्यांच्या कपाटात सिंगल माल्ट व्हिस्कीच्या डझनभर बाटल्या होत्या आणि प्रत्येकीचं पुराण त्यांना तोंडपाठ होतं. लेकीला, रेवाला, मागणी घालायला आलेल्या श्रीधरला त्यांनी थेट कपाटासमोर उभं केलं.

"यातली सगळ्यात चांगली निवडा. जावयाची पारख इथंच होईल."

श्रीधरनं आजवर व्हिस्कीचा थेंबही चाखला नव्हता. आबासाहेब तर तीस वर्षं मुरलेल्या, धुरकट वासाच्या एका बाटलीचे गोडवे गात सुटले होते. श्रीधरनं मात्र कोपऱ्यातली साधीशी, स्वस्तातली बाटली उचलली.

"ही? कशावरून?" आबासाहेब गरजले.

"कौतुक तुम्ही तिचं करता, आबासाहेब, पण ती अजून गळ्यापर्यंत भरलेली आहे. तळाला गेलीय ती ही."

आबासाहेब मिशीत हसले.

"रेवा, ग्लास आण गं! आणि आईला म्हणावं, तारीख काढायला घ्या."