सशाची छोटी मूठ

सागाच्या रानात करवंदीची एक दाट जाळी होती. तिच्यात एक ससा आपल्या सशिणीसह आणि पिलांसह राहत असे. जाळी इतकी काटेरी, की लांडग्याचे नाकसुद्धा आत शिरत नसे. ससा तसा सुखी होता. पण 'ससा म्हणजे भित्रा' हे ऐकून ऐकून बिचाऱ्याचे कान किटले होते. आणि मुलांनो, सशाचे कान काही लहानसहान नसतात!

दुपारी वडाखाली मुठींचा डाव रंगे. ढिगातून न बघता मूठभर चिंचोके उचलायचे, हळूच मोजून पंजाखाली झाकायचे आणि मग घरून आणलेला खाऊ मध्ये लावायचा. आपली मूठ लहान वाटली, तर "सोडलं" म्हणून बाजूला व्हायचे. शेवटी ज्याचे चिंचोके जास्त, त्याला सगळा खाऊ. आता सशाचा पंजा तो केवढा! पण पहिल्याच दिवशी त्याने असा बेधडक खाऊ लावला, की माकड घाबरून डाव सोडून उठले. सगळ्यांनी सशाची पाठ थोपटली. जन्मात कोणी त्याला शूर म्हटले नव्हते. त्या शाबासकीची त्याला चटक लागली. तेव्हापासून मूठ कशीही असो, तो डाव सोडीना.

कोल्ह्याने हे बरोबर हेरले. ससा जरा घुटमळला, की तो हसून विचारी, "काय रे, घाबरलास?" झाले! ससा आणखी खाऊ लावी आणि हरे. असे करता करता घरातली रताळी गेली. पिलांसाठी राखलेला कोवळा पालाही गेला.

"आता तुझी जाळी लाव," एके दिवशी कोल्हा म्हणाला. "की घाबरलास?"

सशाच्या पंजाखाली जेमतेम तीन चिंचोके होते. त्याचे कान तापले. "लाव..." एवढे त्याच्या तोंडून निघाले, तोच बाजूला बसलेले म्हातारे साळिंदर म्हणाले, "बाळा, लांडगा दिसला की तू काय करतोस?"

"पळतो."

"लाज वाटते?"

"लाज कसली, आजोबा? मी पळालो नाही, तर पिलांकडे कोण बघणार?"

बोलता बोलता ससा थांबला. त्याने कोल्ह्याकडे पाहिले. मग पंजा उचलला आणि म्हणाला, "सोडलं."

"पळपुटा!" कोल्हा ओरडला. सगळे खो खो हसले. सशाला फार वाईट वाटले, डोळे भरून आले. तरी तो मागे न वळता घरी गेला.

"आजही रिकाम्या हातानं?" सशिणीने विचारले.

"रताळी हरलो गं," तो मान खाली घालून म्हणाला, "पण घर राखलं."

सशिणीने पिलांना सरकवून त्याला जागा करून दिली. वडाखालचे हसू अजून दुरून ऐकू येत होते. पण जाळी दाट होती, आणि पिले केव्हाच बापाला बिलगून झोपली होती.

तात्पर्य : 'भित्रा' म्हणतील या भीतीने जो खेळतो, त्याला कोणीही खेळवतो; वेळीच डाव सोडायलाही धैर्य लागते.