खारुटलीने घासलेल्या वाट्या

कुंपणाशी एक एवढंसं घर. घरात कोण? खारुटली आणि तिची आई. आईला एड्स झालेला. बाबा त्यानेच गेले.

खारुटलीने आईसाठी पेज आणली. पाय घसरला. भळ्ळ! पेज सांडली. मडक्यात दाणा नाही.

आई म्हणाली, "रिकाम्या पोटी गोळी सोसत नाही गं."

खारुटली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी, कण्या दे.
आई उपाशी, गोळी तशीच."

"अगं बाई! तो आजार, आणि माझी वाटी तुमच्या घरात? पहिली मी नाही. शेळी दूध देईल, तर मी कण्या देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीकाकू, शेळीकाकू, दूध दे.
कोंबडी कण्या देईना.
आई उपाशी, गोळी तशीच."

"लोक काय म्हणतील? पहिली मी नाही. म्हैस गोवऱ्या देईल, तर मी दूध देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या, गोवऱ्या दे.
शेळी दूध देईना.
कोंबडी कण्या देईना.
आई उपाशी, गोळी तशीच."

म्हैस रवंथ करत हसली. "पहिली मी नाही. मुंगी तुमच्या घरात पाऊल टाकेल, तर मी गोवऱ्या देईन."

तुरु… तुरु… पाय दमले.

"मुंगीआजी, मुंगीआजी, घरी चल.
म्हैस गोवऱ्या देईना.
शेळी दूध देईना.
कोंबडी कण्या देईना.
आई उपाशी, गोळी तशीच."

मुंगीआजी म्हणाली, "माझा लेक ह्याच आजाराने गेला. दारात कुणी फिरकलं नाही. चल."

वाटीत साखरेचा कण घेतला. तुटुतुटु आली. थेट आत गेली. आईला टेकून बसली. आईच्याच भांड्यातलं पाणी प्याली. मोठ्याने म्हणाली, "शिवून होत नाही हा आजार! एका भांड्यातलं पिऊनही होत नाही!"

सगळ्यांनी माना वर करून बघितलं.

मुंगी आत गेली, मग म्हशीने गोवऱ्या दिल्या.
म्हशीने गोवऱ्या दिल्या, मग शेळीने दूध दिलं.
शेळीने दूध दिलं, मग कोंबडीने कण्या दिल्या.
सगळं दारातच ठेवलं. आत कुणी आलं नाही.

पेज शिजली, रटरट रटरट. आई जेवली. गोळी गेली, गटक!

खारुटलीने वाट्या घासल्या. रिकामी वाटी परत द्यायची नसते, आईने शिकवलं होतं. तिने प्रत्येकीला एकेक बोर नेलं.

कोंबडी म्हणाली, "राहू दे वाटी तुझ्याकडेच."
शेळी म्हणाली, "राहू दे वाटी तुझ्याकडेच."
म्हैस म्हणाली, "राहू दे टोपली तुझ्याकडेच."
बोरही कुणी घेतलं नाही.

मुंगीआजीने घेतलं. कुरतडलं. "आंबट आहे मेलं!" म्हणाली, आणि सगळं खाल्लं. आपली वाटी डोक्यावर ठेवून आपल्या घरात नेली.

सकाळी तीच वाटी खारुटलीकडे परत आली.
भरून.