आपट्याचा मान

झाडं अजून तोंडावर बोलायची, त्या काळची गोष्ट. एका गावाच्या शिवेवर आपट्याचं झाड होतं. पाऊस सरला की धोंडबा रोज सकाळी आपल्या खंड्या कुत्र्याला घेऊन तिथवर फिरायला यायचा. धोंडबा धुक्यात निवांत विडी ओढायचा. खंड्या ओल्या गवतात टोळांमागे धावायचा, आणि परतताना आपट्याच्या बुंध्याशी तंगडी वर करायचा.

एक दिवस आपटा चिडला. “लाज नाही वाटत? दसऱ्याला माझं सोनं होतं. लोक पाया पडतात माझ्या. उद्यापासून ती बाभळ गाठ.”

“बरं बुवा,” म्हणून खंड्या बाभळीकडे जाऊ लागला.

दसऱ्याला अख्खं गाव सीमोल्लंघनाला आलं. लोकांनी आपट्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मग पानंच काय, फांद्याही मोडून नेल्या. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. झाडाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी खंड्या आला. खराटा झालेल्या आपट्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि निमूट बाभळीची वाट धरली.

“तिकडे कुठे चाललास?” आपटा हळूच म्हणाला. “इकडेच ये बाबा. तू निदान काहीतरी देऊन तरी जायचास.”