वल्हं सोडण्याचे सात दिवस

फार जुनी गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि पलीकडे जायचं तर नावाड्यावाचून चालत नसे.

अशाच एका नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे त्या गावाचा वैद्य राहत असे. मधल्या पाण्यात खडक फार. तरीही वीस वर्षांत एकही उतारू बुडाला नव्हता, कारण गावाचा नावाडी नदी ओळखून होता. सगळे त्याला प्रेमानं मामा म्हणत.

एके दिवशी राजाचा निरोप आला, "बंदरावर या. आमचं जहाज तुमच्या हाती द्यायचं आहे."

मामाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं एका कोळ्याच्या धीट लेकीकडे वल्हं सोपवलं, गाठोडं बांधलं आणि आपल्या गुरूच्या, म्हणजे आधीच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या पाया पडायला गेला.

"उद्या निघतो, बाबा."

"उद्या कसा निघशील, लेका? रीत विसरलास? वल्हं सोडणाऱ्यानं सात दिवस उतारू होऊन नावेत बसायचं. हात मांडीवर, तोंड बंद. काय शिकवायचं ते काठावर."

"नुसतं बसून काय होणार?"

"मी बसलो होतो तुझ्यासाठी. जीव नकोसा झाला होता माझा. बस मुकाट्यानं."

मामा बसला, पण मुकाट्यानं नाही. पहिल्या दिवशी नाव काठापासून हलताच तो ओरडला, "अगं, डावीकडे घे!" दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या हातातलं वल्हंच ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याला यायला उशीर झाला, तर कुणी नावेत पाऊल टाकेना.

"मामा आल्यावर निघू," लोक म्हणाले. एका मावशीनं तर तोंडावरच विचारलं, "पोरी, तुला पोहता तरी येतं का?"

"मला येतं, मावशी. तुमचं काय?"

सगळे हसले, पण नावेत बसलं कुणीच नाही.

खरं सांगायचं तर मामाला मनातून बरं वाटलं. आपल्यावाचून अडतं, हे कुणाला आवडत नाही? म्हणून तर त्यानं एक गोष्ट तिला सांगितलीच नव्हती. पावसाळ्यात काळ्या खडकाजवळची वाळू सरकते आणि नावेची रोजची वाट बुजते. तेव्हाची दुसरी वाट त्यानं स्वतः शोधली होती, आणि ती फक्त त्याला ठाऊक होती.

संध्याकाळी त्यानं मोठ्या कौतुकानं हे सगळं म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा हसला नाही.

"लोक तिच्या नावेत बसत नाहीत, आणि तिला वाटही ठाऊक नाही. उद्या पुरात कुणाला वैद्याकडे न्यायची वेळ आली, तर तू बंदरावरून धावत येणार आहेस का रे?"

मामाची मान खाली गेली.

सकाळी त्यानं मुलीला काठावर बसवलं. ओल्या वाळूत बोटानं नदी काढली, खडक मांडले आणि ती दुसरी वाटही दाखवली. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "मला जे ठाऊक होतं, ते आता हिलाही ठाऊक आहे."

त्या दिवशी मधल्या धारेत वारा सुटला आणि नाव गर्रकन फिरली. "मामा! मामा!" एकच ओरडा झाला. मामानं ओठ आवळले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"खाली बसा सगळे!" मुलगी गरजली. सगळे बसले. मामा नेहमी खडकाच्या डावीकडून जाई. तिनं वारा पाहून नाव उजवीकडून काढली.

काठावर उतरल्यावर मावशीनं लुगडं झटकलं आणि मुलीला म्हणाली, "उद्या माझी शेळी न्यायचीय गं. जागा ठेव हो."

मामाला कुणी काहीच विचारलं नाही. त्याला जरा वाईट वाटलं, आणि मग हसू फुटलं.

सात दिवस पुरे झाले. कुणाला कधी वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणून त्यानं सगळ्यांना हात जोडले. गाव त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेलं.

त्या पावसाळ्यात नदीला पूर आला, आणि त्याच दिवशी एका गवळ्याला साप चावला. रोजची वाट बुजली होती. मुलीनं दुसऱ्या वाटेनं नाव घातली आणि गवळ्याला वेळेत वैद्याच्या दारी पोचवलं. गवळी वाचला.

गावचा एक माणूस ही बातमी घेऊन बंदरावर आला. सगळं सांगून झाल्यावर तो ओशाळून म्हणाला, "एक सांगू, मामा? राग नका मानू. त्या दिवशी तुमची आठवण कुणालाच झाली नाही."

मामानं त्याला कडकडून मिठी मारली. "अरे, याहून गोड बातमी तू आणूच शकला नसतास!"

बोध: काम सोडताना आपलं सारं ज्ञान मागे ठेवावं, आणि आपली जागा दुसऱ्याला मनापासून मोकळी करून द्यावी.