दोर धरणारे हात

एकदा एका नदीकाठच्या नगरात एका व्यापाऱ्याने उद्योगगृह उभारले. नवा धंदा काढणाऱ्याला तिथे जागा मिळे आणि त्याच्या पाठीशी एक मार्गदर्शक दिला जाई.

नगरातल्या एका वृद्ध गुरूंच्या तरुण शिष्याचा थोरला भाऊ तिथे मडक्यांचा धंदा करू लागला. नदीला पाणी चढत असताना त्याने मार्गदर्शकाला विचारले, "आज माल पलीकडे नेऊ, की थांबू?" मार्गदर्शक जन्मात कधी नावेत बसला नव्हता. "धंद्याला छाती लागते, जा," तो म्हणाला. पूर ओसरल्यावर नाव सापडली, उपडी. भाऊ सापडला नाही.

पुढे व्यापाऱ्याने शिष्यालाच मार्गदर्शक नेमले. त्याच्या वाट्याला घोंगड्या विणणारा एक माणूस आला.

"दादा, पलीकडच्या बाजाराला जाऊ का?"

शिष्याच्या डोळ्यांपुढे ती उपडी नाव आली. "नको," तो म्हणाला. मग ते रोजचेच झाले. घोंगड्यांना कसर लागली, तरी उत्तर तेच. शेवटी विणकर म्हणाला, "दादा, उद्या पहाटे मी निघतो. तुम्ही हो म्हणा, नाहीतर नको म्हणा."

शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन व्यापाऱ्याकडे धावला. "शेठ, आम्हा मार्गदर्शकांसाठीच आधी शिक्षणवर्ग भरवा. आम्हाला काही येत नाही. माणसे मरतात हो!"

व्यापारी हसला. "शिकवणाऱ्यांना शिकवायचे? मग त्यांना शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार? तुझे गुरुजी?"

गुरू उठून शेजारच्या मळ्यातल्या विहिरीकडे चालू लागले; ते दोघेही मागोमाग गेले. तिथे मुलांना पोहायला शिकवण्याचा दोर होता. त्यांनी तो स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरे टोक व्यापाऱ्याच्या हाती दिले आणि त्या वयात पाण्यात उडी घेतली.

"अहो, या वयात हे काय आरंभलेत!" व्यापारी हसत शिष्याकडे वळला. दोर त्याच्या हातात सैल पडला. गुरू थोडे पोहले, मग दमले. पांढरे केस पाण्याखाली गेले.

शिष्य किंचाळला. त्याने दोर हिसकावला आणि जीव खाऊन ओढला. गुरू वर आले. पण शिष्य ओढतच राहिला. ते अर्धे पाण्याबाहेर लोंबकळू लागले. दोर वर सरकून बरगड्यांत रुतला. हात मारायला पाणीच उरले नाही.

"सोड थोडा," गुरू कसेबसे म्हणाले.

"नाही सोडणार! तुम्ही जाल!"

"पोरा, माझा श्वास कोंडतोय."

शिष्याची बोटे उघडेनात. मोठ्या कष्टाने त्याने वीतभर दोर सोडला. गुरू पायऱ्यांशी आले आणि ओलेत्यानेच बसले.

"शेठ, तुमच्या हातून मी बुडालो असतो. याच्या हातून गुदमरलो असतो. तुमच्यात निष्काळजीपणा आहे, याच्यात माया आहे. पाण्यातल्या माणसाला दोन्ही सारखेच. गावात पोहणाऱ्याला सगळे शिकवतात. काठावरच्याला मात्र वाटते, दोर धरायला काय शिकायचे? तो केव्हा सैल सोडावा आणि केव्हा ताणावा, हे हाताला शिकवावे लागते. एकमेकांचा दोर धरूनच ते शिकता येते."

व्यापाऱ्याने शिष्याच्या हातातून दोर घेतला. "वर्ग भरवू," तो म्हणाला. "पहिला विद्यार्थी मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे विणकर नदीवर आला, तेव्हा शिष्य आधीच काठावर उभा होता. या वेळी त्याने पाण्याचा रंग पाहिला, म्हाताऱ्या नावाड्याला वाऱ्याचे विचारले, नावेत स्वतः बसून तळ चाचपला. मग तो म्हणाला, "जा. पण ढग भरून आले तर पलीकडेच मुक्काम कर. मी इथेच आहे."

नाव सुटली. भीती गेली नव्हती. पैलतीरावर घोंगडीचा काळा ठिपका चालताना दिसेपर्यंत तो काठावरून हलला नाही.

दुसऱ्याचा दोर हाती घेण्यापूर्वी आपण आपले हात एकदा तपासून घ्यावेत.