नाकारलेली माती

"तुमचा पठ्ठ्या हरला, तर हा आखाडा मोडून इथे आमचे घोडे बांधू," इनामदारांनी वस्तादांना बजावले. वस्तादांनी मारुतीला हात जोडले आणि सटवाजीची पाठ थोपटली.

पकड बसावी म्हणून एकमेकांच्या अंगाला माती लावण्याचा रिवाज होता. इनामदारांच्या तेल माखलेल्या मल्लाने सटवाजीचा हात झिडकारला. "तुझी माती नको, पोरा!"

निसरडे अंग हातून सुटत राहिले. सटवाजीला पाठीवरचा तो हात आठवला; तो न चिडता मागे सरत राहिला. अखेर मल्लाने चेकाळून झेप घेतली, सटवाजी बाजूला झाला आणि मल्ल मातीत लोळला. मग मात्र पकड बसली आणि मल्लाची पाठ टेकली.

"तेलकट अंग धरलेस कसे?" इनामदार गरजले.

मल्लाला हात देऊन उठवत सटवाजी म्हणाला, "सरकार, दादांनी माझ्या हातची माती नाकारली, पण मारुतीरायाची स्वतःच लावून घेतली. मी तेवढी वाट पाहिली."