फोटोतली पेटी

फार मागे, एका हायस्कूलच्या कपाटात बाजाची पेटी आणि लेझीम शेजारी राहत. शनिवारचा शेवटचा तास संगीत मंडळाचा. पण दर शनिवारी "पोर्शन राहिलाय" म्हणत बीजगणिताचे सर तो तास घेऊन टाकायचे. पेटीचा जीव अगदी विटला होता.

"या पोरांना सूर कधी लागायचा? इकडे माझ्या भात्यात उंदराने संसार थाटलाय!" ती करवादली.

"गप गं," लेझीम म्हणाली. "पाहुणे आले की काढतात ना बाहेर?"

एके दिवशी शाळा बघायला पाहुणे येणार, फोटो काढणार म्हणून धावपळ उडाली. पेटीची धूळ झटकून तिला झेंडूचा हार घातला, नववीतल्या मृण्मयीला तिच्यापुढे बसवलं. मृण्मयी हरखली. तिने भाता मारला, पट्टी दाबली. पेटीने सगळा जीव एकवटला, पण आतून नुसती फुस्स हवा निघाली.

"बाई, ही वाजतच नाही!"

"नुसती बोटं ठेव आणि हस," बाई म्हणाल्या. "फोटोत कुठे आवाज येतो?"

फोटो झकास आला. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं.

"बघ, काढलं की नाही बाहेर?" लेझीम म्हणाली.

"काढलं," पेटी फणकारली, "पण फोटोत उंदराला घ्यायला हवं होतं. वर्षभर संगीत मंडळात हजर असतो तो एकटाच!"